श्रोत्याचा पाट

१

सुगीचे दिवस होते. दुपारची भाकरी झाली की धर्मापुरीतल्या त्या आळीत चिटपाखरू राहत नसे. बायाबाप्ये ज्वारी काढायला रानात, जनावरं त्यांच्या मागं, आणि राखणीला उरलेली म्हातारी माणसं कुठं भिंतीच्या सावलीला डुलक्या घेत पडलेली. अशा वेळी सुंदरराव पाटलाच्या घरात पोथी सुरू व्हायची.

वाचायची त्याची बायको, वत्सला. ऐकायच्या त्याच्या आई, केसरबाई. आता ऐकायच्या म्हणायचं ते आपलं म्हणायचं, कारण तापाच्या साथीनं केसरबाईंचे दोन्ही कान नेले होते. दाराशी नगारा बडवला असता तरी त्यांनी वळून पाहिलं नसतं. त्याच तापानं हातांना कंप सुटला होता, इतका की पाण्याचा तांब्या तोंडाशी दुसऱ्यानं धरावा लागे. पण पोथीचा नेम त्यांनी सोडला नव्हता. "मला ऐकाय येत न्हाई तर न्हाई," त्या म्हणत. "ज्याला ऐकायचं त्यो ऐकतोय."

हा ज्याला ऐकायचं तो कोण, तेही सांगायला हवं. पोथी ठेवायची चौरंगावर आणि चौरंगाच्या समोर एक रिकामा पाट मांडायचा. पाटावर चिमूटभर तांदूळ, एखादं फूल. तो श्रोत्याचा पाट. रामकथेला मारुती येऊन बसतो ही तर सगळीकडची समजूत. केसरबाई नाव घेत नसत, नुसतं 'श्रोता' म्हणत. ज्या दिवशी पोथीला आरंभ झाला त्या दिवशी त्यांनी पाटाकडं तोंड करून थरथरते हात जोडले होते आणि म्हणाल्या होत्या, "या, बसा. कथा सरंस्तवर उठू नगा."

वाचणाऱ्याला हुंकार लागतो. ओवी संपली की समोरून कुणीतरी 'हूं' म्हणायचं, त्याशिवाय वाचणाऱ्याच्या जिभेला चव येत नाही. केसरबाई बिचाऱ्या सुनेच्या मानेकडं टक लावून बसत. तिची मान हलली की ओवी संपली असं धरून 'हूं' करत. आणि वत्सला त्यांना फसवत होती.

सांगायला लाज वाटते, पण पोथीच्या दोन फळ्यांच्या मधोमध, पिवळ्या पडलेल्या पोथीच्या पानांवर, रोज एक कादंबरी उघडी पडलेली असे. वत्सला तीच वाचायची, मोठ्यानं, पोथीच्या हेलात.

२

वत्सला इंग्रजी हद्दीतली, नगरकडची. बाप शाळामास्तर. लेक मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, दिली म्हणून लोकांनी त्याला नावं ठेवली होती. तिनं येताना ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ही कादंबरी आणली. पुठ्ठा नव्हता, पहिली पानं गेली होती, त्यामुळं तिचं नाव काय आणि ती कुणी लिहिली ते वत्सलालाही ठाऊक नव्हतं. सबंध धर्मापुरीत अक्षर वाचणारी बाई ती एकटी. केसरबाईंना त्याचा केवढा अभिमान! देवळाच्या पायरीवर बसून त्या बायांना ऐकवत, "लोकाच्या सुना भाकरी थापत्यात. माझी पोथी वाचती."

ती कादंबरी तिनं किती वेळा वाचली होती याचा हिशेब तिच्याकडं नव्हता. पहिल्यांदा वाचताना माणूस घाईत असतं. पुढं काय झालं, पुढं काय झालं, करत पानांवर पानं उलटतं आणि ताटात काय काय होतं ते हात धुतल्यावर आठवत नाही. खरी चव दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तर विचारूच नका. कुठल्या पानावर तेलाचा डाग आहे, कुठल्या पानाचा कोपरा कसरीनं खाल्लाय, कुठल्या वळणावर कुणाचा घोडा ठेचकाळणार आहे, सगळं तिला पाठ होतं. आवडतं वाक्य जवळ आलं की ती मुद्दाम हळू व्हायची. हातातला गुळाचा खडा लगेच तोंडात न टाकता नुसता बघत बसावं, तसं. ठाऊक असलेलंच घडणार, आणि तरी त्याची वाट बघायची, यात जी गंमत आहे ती वाचणाऱ्यालाच कळते.

कादंबरीत कमळजा नावाची एक पोर होती आणि तिला छळणारी सासू होती. छळ तरी केवढा! उपाशी ठेवणं, डाग देणं, नवऱ्याचे कान भरणं. मग एका प्रकरणात ती सासू तापानं अंथरुणाला खिळते. घरात दुसरं कुणी नाही. पलीकडच्या खोलीत कमळजा आरशासमोर केस विंचरते आहे आणि सासू पाणी मागते आहे. 'मुली, घोटभर पाणी दे गं, अशी हाक पुनश्च आली. परंतु कमळजेच्या हातातली फणी थांबली नाही.' हे वत्सलाचं सगळ्यांत लाडकं वाक्य. ते वाचताना तिच्या अंगावर गोड काटा यायचा.

त्याच्या पुढं कादंबरी बिघडत जायची. कमळजेला पश्चात्ताप, मग तीर्थयात्रा, मग पानंच्या पानं उपदेश. वत्सला तिथवर जातच नसे. सासूच्या हाका थांबल्या की ती मागं वळायची आणि उरलेल्या पहिल्या पानापासून पुन्हा सुरू करायची.

आणि हे सगळं ती कुणासमोर वाचत होती? जिनं तिला आजवर एक वावगा शब्द बोललेला नव्हता तिच्यासमोर. वत्सलाला रानातलं काम जमत नाही म्हणून भावकी हसली, तर केसरबाई भांडल्या होत्या. दुधावरची साय पोरीसाठी वेगळी काढून ठेवायच्या. वत्सलाला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर ते प्रकरण आलं की ती मान खाली घालून वाचायची. पण वाचायची.

३

त्या दिवशी केसरबाईंना वाचन चालू असतानाच डुलकी लागली. हनुवटी छातीवर टेकली, तोंड किंचित उघडं पडलं. वत्सलाला बरंच झालं. आता मान हलवायचं सोंग नको. तिनं हेल सोडला आणि आपल्या साध्या आवाजात, मनाजोगतं वाचायला लागली. सुंदरराव जमाबंदीच्या कामानं महिना-दोन महिन्यांसाठी मोमिनाबादला, म्हणजे गावच्या तोंडी आंब्याला, गेलेला. बाहेर गल्लीत सामसूम.

"घोटभर पाणी दे गं, अशी हाक पुनश्च आली," तिनं वाचलं, "परंतु कमळजेच्या हातातली फणी थांबली नाही."

"हूं."

वत्सला पुढच्या वाक्यावर गेली. चार शब्द वाचले आणि तिची जीभ जागच्या जागी राहिली.

केसरबाई झोपलेल्याच होत्या. घशातून बारीक घुरघुर येत होती. वत्सलानं दाराकडं पाहिलं. दार ओढलेलं होतं. मागच्या पडवीकडं पाहिलं. मग, सगळ्यांत शेवटी, समोर पाहिलं. पाट होता. तांदूळ होते. सकाळी वाहिलेलं जास्वंदीचं फूल मिटत आलं होतं.

"कोण आहे?" तिनं विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं.

४

मास्तरची लेक ती. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला बापानं शिकवलं नव्हतं. तिनं सरळ विचार केला. कबूतर असेल. आढ्यात कबुतरं घुमतातच. नाहीतर सासूबाईच झोपेत म्हणाल्या असतील. रोजची सवय, मान हलो न हलो, तोंडातून निघून जातं. हे उत्तर तिला पटलं आणि ती चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं नीट लक्ष ठेवलं. केसरबाई जाग्या होत्या, तिच्या मानेकडं बघत 'हूं' म्हणत होत्या. त्यांच्या 'हूं'च्या मागोमाग, जरा खालच्या पट्टीत, दुसरा 'हूं' येत होता. बाईचा आवाज होता. कबूतर नव्हे.

ती भ्यायली का? भ्यायली तर. हाताला घाम फुटला, पानं बोटांना चिकटली. पण तिनं वाचणं थांबवलं नाही, आणि या गोष्टीतली खरी लाजेची जागा हीच. कारण तो हुंकार बरोबर जागी येत होता. केसरबाईंचा 'हूं' कुठंही पडायचा, घोडा ठेचकाळायच्या आधी, राजवाड्याच्या वर्णनाच्या अधेमध्ये. हा दुसरा मात्र जाणत्याचा होता. विनोद आला की आखूड, दुःख आलं की लांब. वत्सलाला एवढ्या वर्षांत कादंबरीवर बोलायला माणूस मिळालं नव्हतं. जे आवडतं ते आणखी कुणाला आवडतं, आणि तेही त्याच जागी, याचं सुख काय सांगावं.

पहिली खेप संपली, दुसरी सुरू झाली. आता तो हुंकार वाक्य संपायची वाट बघेना. आवडती जागा जवळ आली की आधीच यायचा, उतावळा. तिलाही सगळं पाठ झालं होतं तर! वत्सला मनात तिला 'ती' म्हणायला लागली, आणि मारुतीचा पाट अडवून बसलेली ही बाई कोण, हा प्रश्न तिनं बाजूला ठेवून दिला.

पाट रोज थोडा पुढं आलेला असे. सारवताना सरकला असेल, ती म्हणाली. पाटावरचे तांदूळ मधोमध चेपलेले आणि कडेनं सारवलेल्या जमिनीवर सांडलेले असत. चिमण्यांनी विस्कटले असतील. एकदा तिनं पाट उचलून धुवायला नेला, तर लाकूड ऊबदार लागलं. ऊन पडलं असेल, ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की त्या खोलीत ऊन येतच नाही. तरी दुपार झाली की ती लगबगीनं हात पुसून चौरंगाशी बसायची. आणि तिची लाडकी जागा तीच पाटावरच्या बाईचीही लाडकी जागा होती. फणी थांबली नाही, या शब्दांवर समोरून येणारा 'हूं' इतका लांब, इतका भरल्या पोटाचा यायचा की वत्सला ते प्रकरण एका बैठकीत पुन्हा वाचायची. मग आणखी एकदा. पुढं पुढं तर बाकीची कादंबरी राहिलीच. रोज तेवढंच.

५

छबुबाई शेजारची. नवऱ्याबरोबर रानात राबायची, अधूनमधून भाकरीचं पीठ नाहीतर चुलीला इस्तू मागायला यायची. ती आली की वत्सला झटकन पोथीची फळी मिटायची. फाल्गुन लागला, ऊन चढायला लागलं, तेव्हा एका सकाळी छबुबाई केसरबाईंजवळ टेकली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली.

"वत्सलाबाई, म्हातारी लई वाळलीय की," ती म्हणाली. "व्हट बगा कसं फुटल्यात. काय खात न्हाईत का?"

"खातात की," वत्सला म्हणाली.

"मंग पानी?"

वत्सलानं केसरबाईंकडं पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी पाहिलं असं तिचं तिलाच जाणवलं. गाल आत गेले होते. ओठांना भेगा पडून त्यांत रक्त सुकलं होतं. उशाशी तांब्या होता. काठोकाठ भरलेला, वर धुळीची साय धरलेला.

पूर्वी पोथी संपली की केसरबाई हाक मारायच्या, "वत्सले, पानी पाज गं." वाचनात मधेच मारायच्या. वाक्य तुटायचं, वत्सला मनात चरफडायची, पण उठायची. ती हाक केव्हा बंद झाली? तिला आठवेना. बंद झाली तेव्हा मात्र बरं वाटलं होतं, एवढं तिला लख्ख आठवलं. जेवतानासुद्धा केसरबाई हल्ली घोटभर ताक घेऊन मानेनंच पुरे म्हणायच्या, आणि पुरे म्हटल्यावर वत्सलानं एकदाही आग्रह केला नव्हता.

त्या दुपारी तिनं कादंबरी बाहेर काढलीच नाही. खरी पोथी उघडली आणि खड्या आवाजात, देवाचं नाव घेऊन, ओव्या म्हणायला लागली. केसरबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. पहिली ओवी झाली. हुंकार नाही. दुसरी झाली. नाही. इतकी शांतता की तिला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायला लागली. मग लाकूड जमिनीवर घासल्याचा आवाज आला. अगदी हलका, जेवताना पाट जरा पुढं ओढून घ्यावा तेवढा.

वत्सलानं डोळे पोथीवरून काढले नाहीत. ती वाचत राहिली. पुन्हा लाकूड घासलं. आता पाटाची कड चौरंगाच्या पायाला लागली. खट्.

"ह्ये न्हाई," कुणीतरी अगदी जवळून, समजुतीनं म्हणालं. "ते."

६

वत्सलानं विचार केला. एवढं झाल्यावर विचार कसला, म्हणाल. पण घाबरलेलं माणूसच जास्त विचार करतं. 'कथा सरंस्तवर उठू नगा' असं सांगून बसवलेला श्रोता, आणि कथा ती सरू देत नव्हती. संपायच्या आतच मागं वळत होती. मग त्या बाईनं उठावं कसं? चूक आपलीच. कथा संपवली पाहिजे.

तिनं कादंबरी काढली आणि लाडक्या प्रकरणाच्या पुढून वाचायला बसली. पश्चात्ताप वाचला. तीर्थयात्रा वाचली. घसा सुकला तरी उपदेशाची पानं सोडली नाहीत. समोरून एकही हुंकार आला नाही, फक्त कंटाळलेलं माणूस टाकतं तसा एकदा लांब सुस्कारा आला. शेवटच्या पानावर कमळजा सासूच्या समाधीवर पाण्याची घागर ओतते आणि कादंबरी संपते. हे वत्सला विसरून गेली होती. वाचताना तिला रडू आलं, आणि ते कमळजेसाठी नव्हतं.

"कथा सरली," तिनं हात जोडून पाटाला सांगितलं. "आता उठा. सुखानं जावा."

मग तिनं पाट उचलला. झोपलेलं पोर उचलावं तसा जड लागला. तो तिनं भिंतीला उभा करून ठेवला, कादंबरी ट्रंकेच्या तळाशी टाकून वर लुगडी रचली. संध्याकाळी केसरबाईंना पेज भरवायला गेली, तर त्यांनी दोन चमचे घेऊन ओठ मिटले. उद्यापासून सगळं नीट करू, वत्सलानं स्वतःला बजावलं. त्यांच्याजवळ बसू. मागायच्या आत पाणी देऊ.

७

दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून ती खोलीत आली तेव्हा पाट मांडलेला होता. चौरंगाशी नव्हे. केसरबाईंच्या उशाशी, त्यांच्या कानाला लागून. वर ताजे तांदूळ होते.

तिनं सासूच्या समोर बसून, पाटाकडं बोट करून, ओठ हलवून विचारलं. कुणी?

"तिनं मांडला," केसरबाई म्हणाल्या. आवाज वाळल्या पाचोळ्यासारखा झाला होता. "मला कुठं उठाय येतंय?"

कुणी तिनं?

"आगं, तीच की. तुझं वाचून झालं की हितं माझ्या कानापाशी येऊन बसती. तू काय काय वाचलंस ते समदं सांगती. तिचं बोलनं तेवढं मला ऐकाय येतंय. दुसरं कुनाचंच न्हाई. आदी वाटलं, पोथीतलंच हाय. मंग ती म्हातारी पानी मागती, ते आलं. दुसऱ्या दिशी तेच. तिसऱ्या दिशी बी तेच. म्या म्हनलं, बाई, दुसरं काय न्हाई का? तर म्हनली, तुमच्या सुनंला ह्येच लई आवडतंय, केसरबाई. पुन्ना पुन्ना ह्येच वाचती."

वत्सलाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तिनं जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. पण काय नाही? प्रत्येक शब्द खरा होता.

"मंग म्या ठरवलं," केसरबाई म्हणाल्या. रागाचा लवलेश नव्हता, हेच सहन होत नव्हतं. "पानी मागायचंच न्हाई. मागितलं आन तू उठली न्हाईस, तर? तर मला कळून चुकलं असतं ना, वत्सले. न मागितलेलं बरं. म्या मागितलं न्हाई, तवर माझी सून चांगलीच हाय."

वत्सला धडपडत उठली. माठातला गार तांब्या भरून आणला, एका हातानं सासूची मान उचलली, तांब्या ओठांना लावला. केसरबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून गोधडीवर गेलं. वत्सला रडत होती, हात जोडत होती, तोंडानं काहीबाही म्हणत होती. म्हाताऱ्या डोळ्यांत तिची कीव होती, पण ओठ उघडले नाहीत.

"छबूला बोलाव," केसरबाई म्हणाल्या. "आता तू देतीस ते म्या सांगितलं म्हनून. तिच्या हातनं पिते."

गावात याच्यापेक्षा मोठी नामुष्की नाही. घरात सून असताना सासूनं शेजारणीच्या हातचं पाणी मागावं. वत्सला परसातल्या कुडापाशी गेली आणि कशीबशी हाक मारली. छबुबाई त्या दिवशी नशिबानं घरीच होती. पदराला हात पुसत आली, खोलीतला ओला गळा, ओली गोधडी पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. काही न विचारता तिनं तांब्या घेतला. केसरबाई प्यायल्या. गटागटा, लहान पोरासारख्या, मधे श्वास न घेता प्यायल्या, आणि छबुबाईनं दुसरा तांब्या मागितला.

"कावून वो वत्सलाबाई?" ती हळूच म्हणाली. "तुमच्या हातचं कावून पीत न्हाईत?"

वत्सला खाली मान घालून भिंतीशी बसली होती. डोळ्यांसमोर फक्त सारवलेली जमीन होती, तिच्यावर सांडलेले तांदूळ, आणि तांदळांच्या पलीकडं पाटाची कड. त्या कडेवर पायाची बोटं दिसत होती. बाईमाणसाची, जोडवी घातलेली, धुळीनं भरलेली. गोष्ट रंगात आली की ऐकणारा आवळतो तशी घट्ट आवळलेली.

"आन ह्या कोन हायती?" छबुबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता. "म्या बगितलंच न्हाई. कवा आल्या?"

केसरबाईंनी सुनेच्या ओठांकडं पाहिलं. उत्तर तिनंच द्यायचं होतं. शेजारणीला सांगायचं झालं तर सगळंच सांगावं लागलं असतं. पोथी, फळ्यांमधली कादंबरी, ते लाडकं वाक्य, पाण्याची हाक बंद झाल्यावर वाटलेलं बरं.

"माझ्या माहेरच्या," वत्सला म्हणाली.

"आगं बया! मंग अशा तोंड लपवून कावून बसलाव? माहेरचं मानूस आलं की बाईची मान वर व्हती."

पाटावरून बहुधा नमस्कार झाला असावा, कारण छबुबाईनं हसून तिकडं हात जोडले आणि "बसा, बसा, उठू नगा," असं म्हणाली. वत्सलाची मान वर झाली नाही.